पानावरचे जग आणि त्याचे धनी



ज्याचा सारा जन्म मागणीपत्रके लिहिण्यात आणि करारांतली कलमे वाचण्यात गेला, त्याने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून खेळांच्या इतिहासावर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटेल. मलाही वाटले होते. पण हा विषय मी शोधीत गेलो नव्हतो, तो एका रविवारी माझ्यापुढे येऊन बसला.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद येथे चिंचवडलाच राहतात. त्यांचा मुलगा हिंजवडीस नोकरीला आहे. त्यांच्या घरी काही कामानिमित्त गेलो असता पाहतो तो काय, टेबलाभोवती पाच तरुण बसलेले, प्रत्येकापुढे कागद-पेन्सिल, आणि मध्ये फासे. फासेही आपले चौसराचे नव्हेत. कोणी चार पैलूंचा, कोणी आठ, कोणी वीस पैलूंचा. मी विचारले, हे काय चालले आहे? मुलगा म्हणाला, "काका, हा गोष्टीत शिरून खेळायचा खेळ आहे. फक्त आम्ही ज्या जगात खेळतो ना, त्याचा सपोर्ट कंपनीने बंद केलाय. म्हणून जुन्या आवृत्तीची पुस्तकं शोधून आणतो आणि आमचं आम्ही चालवतो."

"सपोर्ट बंद" हे दोन शब्द ऐकले की आमच्या पट्ट्यातल्या माणसाचे कान टवकारतात. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून चेतक स्कूटर निघू लागली. ह्या शतकाच्या पहिल्या दशकात ती बंद झाली. पुढे २०२० च्या जानेवारीत त्याच नावाची, पण विजेवर चालणारी गाडी बाजारात आली. नाव तेच, आतला नटबोल्टही तो नव्हे. मधल्या काळात जुन्या गाड्या रस्त्यावर चालत राहिल्या त्या कोणामुळे? गल्लीतल्या मेस्त्रीमुळे, जुन्या बाजारातून कार्बोरेटर शोधून आणणाऱ्या माणसामुळे. नावाचा मालक एक, आणि वस्तू चालती ठेवणारे हात दुसरे, हा प्रकार मला चांगला परिचयाचा होता. तोच प्रकार एखाद्या काल्पनिक जगाच्या बाबतीतही घडतो, हे मात्र मला त्या दिवशी नव्याने कळले. त्यानंतर मी जे वाचले आणि जे पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. एक जण सूत्रधार होतो. तो प्रसंग सांगतो: रात्र आहे, किल्ल्याचा दरवाजा अर्धा उघडा आहे, आत उजेड दिसतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. प्रत्येकाने आपले पात्र आता काय करील ते सांगायचे, आणि ते साधले की फसले हे फाशाने ठरवायचे. लिहिलेली संहिता नाही. परंतु ही सारी माणसे वावरतात ते जग मात्र कोणी तरी आधी रचून ठेवलेले असते: त्याचे नकाशे, राज्ये, देव, लढाया, बाजारपेठा. हे जग पुस्तकरूपाने विकले जाते. खेळाचे नियम काही वर्षांनी बदलतात, नवी आवृत्ती निघते, आणि मग प्रश्न उभा राहतो की जुन्या जगाचे करायचे काय?

ह्या प्रकारचा पहिला छापील खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्सने आपल्या घरच्या खेळासाठी 'ग्रेहॉक' नावाचे जग रचले होते. ते १९८० साली स्वतंत्रपणे छापले गेले. पुढे कंपनीच्या अंतर्गत भांडणात १९८५ साली गायगॅक्सच्या हातून कंपनी गेली. लगेच १९८७ साली कंपनीने दुसरे जग पुढे आणले, ते एड ग्रीनवुड ह्या कॅनडातल्या ग्रंथालय-कर्मचाऱ्याचे. त्याने ते लहानपणापासून आपल्या मनाशी रचले होते. त्याचे नाव 'फरगॉटन रेल्म्स', म्हणजे विसरलेली राज्ये. आणि आज जर कोणते राज्य सर्वांत जास्त आठवले जात असेल तर ते हेच आहे! मग कंपनीला जगे काढण्याचा नादच लागला. वाळवंटाचे एक, भुताखेतांचे एक, आकाशात उडणाऱ्या जहाजांचे एक, राजेरजवाड्यांचे एक. प्रत्येक जगाची पुस्तके वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळे. एका जगाचा खेळाडू दुसऱ्याचे पुस्तक घेईना. छपाईचा खर्च मात्र प्रत्येकाचा पुरा. १९९७ साली ही कंपनी विकली गेली, आणि घेणारी कंपनी १९९९ साली हॅस्ब्रो ह्या बड्या खेळणी-कंपनीने घेतली.

नव्या मालकाने २००० साली तिसरी आवृत्ती काढली. काही जगे स्वतःकडे ठेवली, काही दुसऱ्या प्रकाशकांना ठेक्याने दिली. आमच्या भाषेत सांगायचे तर काम बाहेर दिले. ग्रेहॉकचे तर विशेषच झाले. त्याच्या नकाशावरचा एकेक प्रदेश खऱ्या पृथ्वीवरच्या एकेका देशाला किंवा प्रांताला वाटून दिला आणि तिथल्या हौशी खेळाडूंनी त्या प्रदेशाच्या कथा लिहाव्या असे ठरले. २००० ते २००८ अशी आठ वर्षे हजारो लोकांनी हे काम बिनपगारी केले. २००८ साली चौथी आवृत्ती आली आणि ते सारे गुंडाळले गेले. त्याच आवृत्तीत फरगॉटन रेल्म्सचा काळ एकदम शंभर वर्षे पुढे ढकलला गेला. ज्यांनी वीस वर्षे त्या जगातली माणसे, गावे, घराणी सांभाळली होती, त्यांना एका सकाळी सांगण्यात आले की तुमची माणसे मेली. २००९ साली कंपनीने जुन्या आवृत्त्यांच्या संगणकीय प्रतींची विक्रीही चोरीचे कारण देऊन थांबवली. ती २०१३ साली पुन्हा सुरू केली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मग जुने पुष्कळसे परत जागेवर आणून ठेवले.

इथपर्यंत वाचून झाल्यावर मी मनाशी म्हटले, हा प्रकार आपल्याकडे नाही. आणि मग आठवण झाली ती सावंतवाडीची.

आपल्या देशात खेळासाठी रचलेले, चित्रांत बांधलेले, दरबाराचा शिक्का असलेले आणि आवृत्तीमागून आवृत्ती बदलत आलेले एक जग फार पूर्वीपासून आहे. ते म्हणजे गंजिफा. गोल पाने, प्रत्येक रंगाची बारा. त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा ठिपक्यांची दहा पाने. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद आहे. परंतु आवृत्ती बदलणे म्हणजे काय, हे समजून घ्यायचे असेल तर अबुल फजलची 'आईने अकबरी' उघडावी. मी ती ब्लॉकमनच्या इंग्रजी भाषांतरातून, कोश शेजारी ठेवून वाचली.

अबुल फजल सांगतो की जुन्या गंजिफेत बारा रंग होते, म्हणजे १४४ पाने. पहिला अश्वपती, तो दिल्लीच्या बादशहासारखा. दुसरा गजपती, ओरिसाच्या राजासारखा. तिसरा नरपती, विजापूरकरांसारखा. पुढे गढपती, धनपती, दलपती असे करीत सुरपती, असुरपती, वनपती आणि शेवटी सर्पांचा राजा अहिपती. खऱ्या राज्यांपासून सुरू झालेले हे जग देव-दैत्य, श्वापदे आणि नागलोकापर्यंत पोचते. ह्याहून अद्भुत रचना अमेरिकेतल्या त्या मंडळींनी तरी काय केली?

अकबराने ह्या पानांत बदल केला. नव्या आवृत्तीत नाग गेले, असुर गेले, आणि त्यांच्या जागी आली अकबराची स्वतःची सरकारी खाती! धनाचा रंग पाहा. राजा पैसे वाटतो आहे, वजीर खजिन्याची तपासणी करतो आहे, आणि बाकीच्या दहा पानांवर खजिन्यातले कामगार आहेत: जवाहिऱ्या, धातू वितळवणारा, चकत्या कापणारा, वजन करणारा, नाणे पाडणारा, मोहरा मोजणारा, हिशेब लिहिणारे कारकून. फर्मानांच्या रंगात कागद बनवणारा, कागदावर रेघा आखणारा, नोंदी करणारा, चित्रे काढणारा, पुस्तक बांधणारा आणि रंगारी आहे. तलवारींच्या रंगात बादशहा पोलाद पारखतो आणि खाली शस्त्रे करणारे व त्यांना जिल्हई देणारे बसले आहेत. शेवटचा रंग गुलामांचा. त्यांत कोणी बसलेले, कोणी जमिनीवर लोटांगण घातलेले, कोणी दारू प्यालेले, आणि कोणी शुद्धीवर असलेले!

सभागृहातल्या कामगार बंधूंनी हे लक्षात घ्यावे. पत्त्यांच्या जोडात रेघा मारणाऱ्याला आणि वजन करणाऱ्याला स्वतःचे पान मिळाले, ते ह्या एका आवृत्तीत. अर्थात ते कामगारांच्या प्रेमापोटी नव्हते. बादशहाला पत्ते खेळतानाही आपले राज्य हातात धरावेसे वाटत होते, एवढाच त्याचा अर्थ. ते जग बादशहाचे होते आणि फार काळ टिकलेही नाही. पुढच्या काळात आठ रंगांची ९६ पानांची गंजिफा सर्वत्र चालली खरी, परंतु तिच्या साध्या पानांवर उरली ती केवळ चिन्हे: मुकुट, तलवार, सोन्या-रुप्याची नाणी. त्या ठिपक्यांमागचे कारकून आणि रंगारी केव्हाच नाहीसे झाले.

टिकला तो दशावतार. दहा अवतार, दहा रंग, १२० पाने. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध, कल्की. तिघांनी खेळायचे, प्रत्येकाला चाळीस पाने. हुकूम नाही. पाच रंगांत दहावे पान मोठे, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दहावे सर्वांत धाकटे. आणि सर्वांत सुंदर नियम हा की, डाव दिवसा मांडला तर पहिला उतार ज्याच्या हाती राम त्याचा, रात्री मांडला तर ज्याच्या हाती कृष्ण त्याचा. खेळणारे कोणत्या वेळी बसले आहेत याचीही दखल हा खेळ घेतो.

हे जग कोणत्याही एका दरबाराने रचलेले नव्हते, म्हणून ते कोणाला बंदही करता आले नाही. उलट प्रत्येक प्रांताने त्याची आपली आवृत्ती केली. नववा अवतार घ्या. बंगालमधल्या विष्णुपूरच्या पानांवर बुद्धाच्या जागी पुरीचा जगन्नाथ येऊन बसला. आपल्या महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांच्या दशावतार-चित्रांत त्याच जागी कंबरेवर हात ठेवून विठोबा उभा असतो. ह्यासाठी कोणी परवानगी मागितली नाही, की कोणी कोणावर दावा लावला नाही. ओरिसात रामायणाची गंजिफा झाली, तीत एका बाजूस रामाची सेना आणि दुसऱ्या बाजूस रावणाची.

ह्याच्या उलट उदाहरण म्हैसूरचे. तिसरे कृष्णराज वडेयर (१७९४-१८६८) हे विद्वान व हौशी राजे. त्यांनी स्वतः पत्त्यांचे तेरा प्रकार रचले आणि 'श्रीतत्त्वनिधि' ह्या आपल्या प्रचंड ग्रंथात त्यांची वर्णने घातली. त्यांतल्या सर्वांत मोठ्या प्रकारात अठरा रंग आणि ३६० पाने! राजेसाहेबांच्या नावाचा तो खेळ राजवाड्याबाहेर फारसा गेला नाही. तो समजावून घ्यायलाच दरबारी माणसाची फुरसत हवी. अमेरिकेतल्या त्या पहिल्या कंपनीने १९९० नंतरच्या वर्षांत जे केले, त्याची ही शंभराहून अधिक वर्षे आधीची रंगीत तालीम म्हणता येईल: जगे पुष्कळ, चित्रे उत्तम, खेळणारे मोजके.

आता सावंतवाडी. तिसरे खेम सावंत (कारकीर्द १७५५ ते १८०३) यांच्या काळात तेथे गंजिफेला आश्रय मिळाला, असे त्या संस्थानात परंपरेने सांगतात. पाने करणारे चितारी. हेच लोक लाकडी खेळणी आणि लाखेचे काम करीत. कापडाचे किंवा कागदाचे थर एकावर एक चिकटवायचे, ते चिंचोक्याच्या खळीने. (आपल्या गावाच्या नावात चिंच आहे, म्हणून मला त्या खळीचे विशेष कौतुक वाटले.) मग अस्तर द्यायचे, दगडाने घोटायचे, गोल कापायचे, रंगवायचे, आणि वरून लाखेचा हात. १२० पाने म्हणजे १२० वेळा तेच.

ह्या धंद्यात दोन कलमे असत. एक दरबारी, बारीक कामाचे, सोन्याच्या वर्खाचे. दुसरे बाजारी, भराभर हात मारलेले, दोन फटक्यांत मासा आणि तीन फटक्यांत परशू. कलेच्या पुस्तकांत दरबारी कलमाची चित्रे असतात. परंतु माझे मत असे की खेळ जगवला तो बाजारी कलमाने. पान फाटले, तेलकट झाले, पोराने चावले, तरी नवा जोड परवडला पाहिजे. ज्या वस्तूला हात लावायची भीती वाटते, ती वस्तू खेळता येत नाही.

आणि ह्या बाजारी कलमावरच छापील पत्त्यांनी घाव घातला. यंत्रावर छापलेला बावन्न पानांचा जोड हाताच्या कामापुढे कवडीमोल किमतीत मिळू लागला. त्यात रंग चार, शिकायला सोपा, खिशात मावणारा. इस्पिक आणि किलवर घरोघर गेले, आणि मत्स्य-कूर्म फडताळात गेले. १९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. बाजार आधीच गेला होता, आता दरबारही गेला. चिताऱ्यांनी ब्रश खाली ठेवला, आणि ज्यांना हे काम येते अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी उरली.

येथे राजघराण्याचे श्रेय दिले पाहिजे. आमच्यासारख्या लाल निशाणाच्या माणसाला राजांची स्तुती करण्याची सवय नाही, तथापि जे आहे ते आहे. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी म्हाताऱ्या चिताऱ्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली, राजवाड्यातच कारागिरांना बसवले, आणि १९७१ च्या सुमारास तेथे लाखकामाची व गंजिफेची कार्यशाळा उभी राहिली. मुंबईत १९३३ पासून राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभर हिंडून गंजिफा गोळा केल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १९८२ साली त्यांचे प्रदर्शन भरले. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. म्हणजे आता दुसऱ्या कोणी दुसरीकडे केलेल्या पानांना 'सावंतवाडी गंजिफा' हे नाव लावता येत नाही. नाव कायद्याने सुरक्षित झाले.

तेवढ्यावर समाधान मानावे असे मलाही वाटले असते, पण मी सावंतवाडीला गेलो. एका दुकानात दशावतारी जोड पाहिला. किंमत साध्या कामगाराच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी. ती जास्त आहे असे मी म्हणणार नाही. १२० पाने हाताने रंगवणाऱ्याचा रोज धरला तर ती कमीच असेल. मी विकणाऱ्या मुलाला विचारले, "हे खेळायचं कसं?" तो हसला आणि म्हणाला, "खेळत नाही हो कोणी. लोक फ्रेम करून लावतात." मग त्याने मला बावन्न पानांचा, इस्पिक-बदामवाला, परंतु हाताने रंगवलेला जोड दाखवला. हा खपतो, म्हणाला. ज्या खेळाने गंजिफेला घराबाहेर काढले, त्याच खेळाची पाने रंगवून आज गंजिफेचा कारागीर पोट भरतो. यात त्याचा दोष काडीचाही नाही. चित्राला सपोर्ट मिळाला, खेळाला मिळाला नाही, एवढीच स्थिती मी सांगतो.

ह्याच मुलखात, त्याच दशावताराचे दुसरे एक रूप आहे. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की रात्री देवळापुढे दशावतारी नाटके होतात. मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर, पार्सेकर, आरोलकर ही त्यांतल्या कंपन्यांची प्रसिद्ध नावे. आधी पूर्वरंग, त्याला आड दशावतार म्हणतात: गणपती, सरस्वती, भटजी, आणि वेद चोरणारा संकासुर. नाव दशावतार असले तरी दहाही अवतार रंगभूमीवर येतातच असे नाही. नंतरचा उत्तररंग म्हणजे पुराणातले आख्यान. आणि आता नीट ऐकावे: त्याला लिहिलेली संहिता नसते. नाटकापूर्वी कथा ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे ते ठरते, आणि पुढचे संवाद नट उभ्या उभ्या बोलतो. समोरच्याने शास्त्रार्थ काढला तर याला तिथल्या तिथे उत्तर सुचले पाहिजे. मला चिंचवडच्या त्या टेबलाची आठवण झाली. रचलेले जग आधीचे, पात्र ज्याचे त्याने घेतलेले, शब्द आयत्या वेळचे. फरक एवढाच की येथे फासे नाहीत, आणि पोट त्यावर आहे.

ह्या नाटकाला कोणत्याही दरबाराच्या कार्यशाळेची गरज लागली नाही. संस्थान गेले, जत्रा राहिल्या. गावच्या देवस्थानाचा मान, पंचक्रोशीचा प्रेक्षक आणि नटाची नाईट, ह्या तीन खुंटांवर ते उभे राहिले. आवृत्त्याही बदलल्या. गॅसबत्ती गेली, वीज आली. हल्ली जाहिरातीतच 'ट्रिकसीनयुक्त' असे छापतात, आणि म्हाताऱ्यांना ते आवडत नाही. नवी आवृत्ती निघाल्यावर जुने खेळाडू कुरकुरतात, हे अमेरिकेपासून वेंगुर्ल्यापर्यंत सारखेच. मात्र येथे नव्याने जुने बंद केले नाही. ज्या गावाला ट्रिकसीन नको, ते गाव तसे सांगते. हे सर्व सुखाचे आहे असे मात्र कोणी समजू नये. २०२० साली साथीमुळे जत्रा थांबल्या तेव्हा ह्या नटांची कमाईही थांबली. त्यांच्यातले बरेच जण दिवसा शेती किंवा मजुरी करणारे असतात. प्रेक्षकांचा आधार हा पावसासारखा आहे, ज्या वर्षी येत नाही त्या वर्षी विचारायला कोणी नसते.

आता पुन्हा त्या परदेशी खेळाकडे वळतो, कारण त्याचा अलीकडचा भाग सांगायचा राहिला आहे, आणि तो माझ्या धंद्याचा आहे. २००० साली कंपनीने एक परवाना काढला होता, ज्याने इतरांना तिच्या नियमांवर आपली पुस्तके छापता येत. २००८ साली तिने जुनी आवृत्ती टाकली, तेव्हा पायझो नावाच्या एका लहान प्रकाशनाने त्याच परवान्याच्या आधारे जुन्या नियमांचा 'पाथफाइंडर' हा खेळ २००९ साली पुरा करून छापला आणि स्वतःचे जग उभे केले. गल्लीतला मेस्त्री तो हाच! पण मेस्त्रीच्या गॅरेजातही पोऱ्या असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पायझोच्या संपादकांनी, लेखकांनी आणि गोदामातल्या लोकांनी युनियन केली, मालकाने आठवड्याभरात तिला मान्यता दिली, आणि २०२३ साली त्यांचा पहिला करार झाला. कथा रचणाऱ्याने आणि खोकी भरणाऱ्याने एकाच कागदावर सही केली, हे वाचले त्या दिवशी मी ऑफिसात सर्वांना चहा पाजला.

त्याच २०२३ च्या जानेवारीत मोठ्या कंपनीने तो तेवीस वर्षांचा परवाना फिरवण्याचा घाट घातला. मसुदा बाहेर फुटला. खेळणाऱ्यांनी काय केले? कंपनीच्या मासिक वर्गण्या धडाधड रद्द केल्या. महिना संपण्यापूर्वी कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा गाभा सर्वांना कायमचा मोकळा केला. संप म्हणजे काय हे ह्या मुलांना कोणी शिकवले नव्हते. मात्र जगे मोकळी झाली नाहीत. नियम सर्वांचे, नकाशे कंपनीचे. त्या जगांत लिहू इच्छिणाऱ्याला २०१६ पासून कंपनीच्याच दुकानातून विकावे लागते आणि विक्रीतला अर्धा वाटा त्याच्या हाती येतो. अर्धेलीची ही पद्धत आपल्याकडच्या कुळांना नवी नाही.

आणि वर्षाची अखेर ऐका. ऑगस्ट २०२३ मध्ये बेल्जियमच्या एका कंपनीने फरगॉटन रेल्म्सवर संगणकाचा खेळ काढला. डिसेंबरात त्याला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला, आणि त्याच आठवड्याच्या आसपास हॅस्ब्रोने अकराशे माणसे कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत त्या जगाची पुस्तके करणारेही होते. पुढच्या वर्षी, २०२४ साली, खेळाची पन्नाशी आली. तेव्हा सुधारलेल्या सूत्रधार-पुस्तकात नमुन्याचे जग म्हणून कंपनीने घातले ते गायगॅक्सचे ग्रेहॉक. मधली वर्षे ते ज्यांनी बिनपगारी जागते ठेवले होते, त्यांतले पुष्कळ जण आता पन्नाशी-साठीत असतील.

सावंतवाडीहून येताना मी तो दशावतारी जोड विकत आणला. घरी त्यावरून बोलणी बसली, ती वेगळी गोष्ट. त्या मुलाला दाखवला तेव्हा तो म्हणाला, "काका, फ्रेम करू नका हं." त्याने जुन्या पुस्तकांतून नियम काढले, एका कागदाच्या दोन्ही बाजूंवर मराठीत लिहिले, आणि गेल्या महिन्यात एका शनिवारी आमच्या युनियनच्या ऑफिसात आम्ही तिघे बसलो: तो, त्याचे वडील आणि मी. चाळीस गोल पाने हातात धरणे हेच मोठे कसब आहे. माझी दोनदा सांडली. कोणत्या रंगात एक्का मोठा आणि कोणत्यात दहावे, यावर बापलेकांत वाद झाला. घड्याळात साडेनऊ वाजले होते, तेव्हा पहिला उतार कृष्णाचा. कृष्ण माझ्याकडे होता, आणि मला तो ओळखायला दोन मिनिटे लागली.

तो कागद मी झेरॉक्स करून आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी जाताना दाराशी मागून घ्यावा.